मिसिसिपी जॉन हर्ट कधी हरवलेच नव्हते

दोन वर्षं अकूस्टिक गिटार शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. रॉबर्ट जॉन्सन हे गायक-गिटारवादक ऐकून त्यांना ब्लूजची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची, गोडी लागली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी मिसिसिपी जॉन हर्ट लावले, तर ते त्यांना ब्लूज वाटलेच नाहीत. फार गोड वाटले, फार शांत. ते विचारतात: हे खरंच ब्लूज आहे का? 1928 साली रेकॉर्डिंग केलेला माणूस 1963पर्यंत 35 वर्षं गायब कुठे होता? आणि हे वाजवायला शिकायचं तर हात कुठून घालायचा?

मी वीसेक वर्षं फिंगरस्टाइल, म्हणजे नुसत्या बोटांनी वाजवायची, गिटार शिकवतो आणि त्यातली बरीच वर्षं हर्ट यांच्याच गाण्यांवर गेली आहेत. म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो ‘गायब’ शब्द आधी बाजूला केला, तर उरलेली दोन उत्तरं आपोआप जागेवर येतात.

जॉन स्मिथ हर्ट यांचा जन्म 1890च्या दशकाच्या सुरुवातीचा, मिसिसिपी राज्यातल्या कॅरोल काउंटीत टिओक इथला. वाढले जवळच्या अ‍ॅव्हलॉनमध्ये. नकाशावर हे गाव ग्रीनवुड आणि ग्रेनाडा यांच्या मध्ये पडतं, बरोबर त्या रेषेवर जिथे पूर्वेकडच्या टेकड्या संपतात आणि पश्चिमेला डेल्टाची सपाट, काळी, कापसाची जमीन सुरू होते. डेल्टात मोठमोठे मळे होते, मजुरांची सतत ये-जा होती, दारूचे अड्डे होते, गिटारवाल्यांची आपसात चुरस होती. चार्ली पॅटन, सन हाउस ही ब्लूज गाणारी मंडळी त्या धगीतून आली. टेकड्यांच्या पायथ्याचं अ‍ॅव्हलॉन म्हणजे एक दुकान, विखुरलेली घरं, चर्च आणि शेतं. मोठ्या आवाजाची तिथे गरजच नव्हती.

त्यांच्या घरी विल्यम हेन्री कार्सन नावाचा एक गिटारवाला अधूनमधून मुक्कामाला यायचा. तो झोपला की लहानगा जॉन हळूच त्याची गिटार घेऊन वाजवत बसायचा. नवव्या वर्षाच्या आसपास आईने त्याला दीड डॉलरला एक जुनी गिटार घेऊन दिली. हर्ट यांचं ‘शिक्षण’ एवढंच. पुढे ते सांगत, की गिटारचा आवाज जसा असायला हवा असं मला वाटलं, तसा मी तो काढत गेलो. हे वाक्य मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण त्यात सगळं आलं. शाळा चौथीनंतर सुटली आणि शेतावरचं काम सुरू झालं.

ते काम आयुष्यभर सुटलं नाही. वाट्याने शेती, दुसऱ्याची गुरं राखणं, काही महिने इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर रूळ सरळ करण्याची मजुरी, मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेत नदीच्या बांधाचं काम. वाट्याच्या शेतीचा हिशेब कसा चालायचा ते माहीत असलेलं बरं: बी-बियाणं, खत, वर्षभराचा किराणा मालकाच्या खात्यावर उधार, आणि पीक हाती आल्यावर हिशेब मालकाच्याच वहीतून. कष्ट करूनही वर्षाअखेरीस हातात काही उरेल याची खात्री नसे. गाणं होतं ते शनिवारच्या रात्री: कुणाच्या घरी नाच असला, मासे तळायचा बेत असला, की जॉनला बोलावणं. कधी काळ्या वस्तीत, कधी गोऱ्यांच्या नाचाला.

गोऱ्यांच्या नाचाचा संबंध त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरला. विली नार्मर हा त्या भागातला गोरा फिडलवादक. त्याचा नेहमीचा गिटारवादक जोडीदार शेल स्मिथ नसला, की तो हर्ट यांना सोबतीला घ्यायचा. नार्मरने फिडलची स्पर्धा जिंकली आणि त्यामुळे ओके रेकॉर्ड कंपनीच्या टॉमी रॉकवेलशी त्याची गाठ पडली. इथे आणखी कोण चांगलं वाजवतं, असं रॉकवेलने विचारल्यावर नार्मरने हर्ट यांचं नाव घेतलं. रॉकवेल थेट घरी आला, ऐकलं आणि मेम्फिसला बोलावलं. वर्णभेदाचे कायदे इतके कडक असलेल्या मिसिसिपीत एका गोऱ्या वादकाच्या शिफारशीवर एका काळ्या शेतमजुराचं रेकॉर्डिंग झालं. हे विसरता कामा नये, कारण त्या प्रदेशातलं संगीत दुकानातल्या कप्प्यांसारखं वेगळं वेगळं नव्हतंच. कप्पे कंपन्यांनी केले. काळ्यांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’, गोऱ्यांसाठी दुसरी मालिका.

फेब्रुवारी 1928मध्ये मेम्फिसला 8 गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि त्यातली फक्त 2 बाजारात आली. एका मोठ्या रिकाम्या दालनात ते, रॉकवेल आणि तंत्रज्ञ एवढे तिघंच. मायक्रोफोन तोंडाजवळ आणून ठेवलेला आणि डोकं जराही हलवायचं नाही अशी ताकीद. नंतर कित्येक दिवस मान दुखत होती, असं त्यांनी सांगितलं आहे. नाचणाऱ्या माणसांकडे बघत, पायाने ठेका देत वाजवणारा हा माणूस. त्याला पुतळ्यासारखं बसवून ती गाणी घेतली आहेत. आणि तरी काय वाजवलं आहे!

नोव्हेंबरात रॉकवेलचं पत्र आलं. न्यूयॉर्कला या, पसंत पडलेल्या प्रत्येक गाण्याचे 20 डॉलर आणि प्रवासाचा, राहण्याचा खर्च देतो. आठेक गाणी तयार करा, पण त्यातली निदान 4 ‘फ्रँकी’सारखी जुन्या वळणाची असू द्या. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या पत्रात आहे. कंपनीलाच त्यांच्याकडून ब्लूजपेक्षा जुनी गाणी हवी होती.

त्याचं कारण असं. हर्ट हे जॉन्सनच्या आधीच्या पिढीतले. जॉन्सनचा जन्म 1911चा, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांचं अंतर. हर्ट लहान होते तेव्हा बारा मात्रापट्ट्यांचा, पहिली ओळ दोनदा गाऊन तिसरीने जोडायचा ब्लूजचा साचा अजून पक्का व्हायचा होता. त्यांच्या पिढीतल्या गायकांना तिकडे ‘साँगस्टर’ म्हणतात: कथागीतं, भजनं, रॅगटाइम या उसळत्या ठेक्याच्या चालीची नाचाची गाणी आणि ब्लूज, सगळं पदरी बाळगणारा. ‘फ्रँकी’ हे 1899मध्ये सेंट लुईसला फ्रँकी बेकर या स्त्रीने केलेल्या गोळीबारावरून आलेलं कथागीत. ‘स्टॅक ओ ली’ हे त्याच शहरात 1895च्या नाताळात ली शेल्टनने बिली लायन्सला मारलं त्यावरचं. या दोन्ही घटना हर्ट यांच्या बालपणातल्या. वर्तमानपत्राची बातमी तोंडातोंडी गाणं होऊन शेकडो मैल खाली अ‍ॅव्हलॉनपर्यंत आली आणि शनिवारच्या नाचात मिसळली.

पण ‘गोड’ म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवलंत, ते एकदा शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. ‘लुईस कॉलिन्स’ घ्या. गोळी घालून मारलेल्या माणसावरचं हे गाणं हर्ट यांनी गावातली बोलणी ऐकून स्वतः रचलं. आई रडते आहे, गावातल्या बायकांनी लाल कपडे घातले आहेत, आणि देवदूतांनी त्याला निजवलं अशी ओळ दर कडव्याला परत येते. चाल मात्र पाळण्यासारखी. पहिल्यांदा हे गाणं नीट कळलं तेव्हा मी गिटार खाली ठेवली होती. आवाज न चढवता शोक करायची ही रीत आहे. जॉन्सनच्या किंकाळीइतकीच खरी. ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’मध्ये तर आणखी धार आहे. जॉन हेन्रीची दंतकथा सगळ्या अमेरिकेला ठाऊक: यंत्राशी शर्यत लावून हातोडा चालवत मेलेला मजूर, शूर वीर. हर्ट यांनी रेल्वेच्या कामावर उचललेल्या या गाण्यात मजूर म्हणतो, हा हातोडा कप्तानाला नेऊन द्या, मी निघालो. याच हातोड्याने जॉन हेन्री मेला, मी मरणार नाही. रूळांवर मजुरी केलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द आहेत. याला ब्लूज म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

न्यूयॉर्कची सत्रं डिसेंबर 1928च्या उत्तरार्धात झाली, म्हणजे ऐन नाताळाच्या दिवसांत. घरापासून इतक्या लांब, थंडीत, अनोळखी शहरात त्यांना गावाची आठवण येत होती, आणि त्या ओढीतून ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ झालं: अ‍ॅव्हलॉन माझं गाव, सारखं मनात असतं. दोन्ही ठिकाणचं मिळून बाजारात आलं ते 12 गाण्यांचं, म्हणजे 6 तबकड्यांचं काम. नावामागचं ‘मिसिसिपी’ कंपनीने विक्रीसाठी लावलेलं. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला, लोकांकडे तबकड्या घ्यायला पैसे राहिले नाहीत, आणि गावाकडच्या गायकांना शोधत फिरणं कंपन्यांनी जवळजवळ बंद केलं. पुन्हा बोलावणं आलं नाही. हर्ट गावी परतले होतेच.

आता ती 35 वर्षं. ते अ‍ॅव्हलॉनमध्ये होते. पत्नी जेसी, मुलं, नातवंडं, गुरं, कापूस, आणि शनिवारची गिटार. त्यांच्या शेजाऱ्यांना विचारलं असतं, तर त्यांनी एका वाक्यात पत्ता सांगितला असता. हरवल्या होत्या त्या तबकड्या, आणि ज्यांच्या हाती त्या लागल्या त्यांना हा माणूस ठाऊक नव्हता. 1952मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांचा संग्रह फोकवेज कंपनीकडून प्रसिद्ध केला, त्यात हर्ट यांची दोन गाणी होती. उत्तरेकडच्या शहरांतली गिटार वाजवणारी पोरं ती ऐकून वेडी झाली, पण हा माणूस केव्हाच गेला असेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं. मग वॉशिंग्टनमधला संग्राहक डिक स्पॉट्सवुड याच्यापर्यंत ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ पोचलं. चालू नकाशांत मिसिसिपीत अ‍ॅव्हलॉन सापडेना, एका जुन्या नकाशात सापडलं. 1963च्या मार्चमध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण गाडी घेऊन तिथे गेला, दुकानात चौकशी केली, आणि रस्ता दाखवला गेला. सांगितलेल्या घरी हर्ट होते.

या भेटीचा किस्सा नेहमी हसून सांगितला जातो, की हर्ट यांना वाटलं दारात एफबीआय आली आहे, आणि ते म्हणाले मी काही वाईट केलेलं नाही. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. 1963च्या सुरुवातीचे ते महिने बघा. अ‍ॅव्हलॉनपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आतल्या ग्रीनवुडमध्ये काळ्या नागरिकांच्या मतदार नोंदणीची मोहीम चालू होती. फेब्रुवारीच्या अखेरीस ग्रीनवुडबाहेर त्या मोहिमेतल्या कार्यकर्त्यांच्या गाडीवर गोळीबार होऊन जिमी ट्रॅव्हिस जखमी झाला होता. भेटीनंतर जूनमध्ये राजधानी जॅक्सनमध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांचा त्यांच्या घरासमोर खून झाला आणि त्यासाठी पुढे दोषी ठरलेला माणूस ग्रीनवुडचाच होता. अशा दिवसांत बाहेरून आलेला अनोळखी गोरा तरुण सत्तरीच्या काळ्या शेतमजुराच्या दारात उभा राहून त्याचं नाव विचारतो. जीव मुठीत धरणं साहजिक होतं. हॉस्किन्सने सोबत आणलेली गिटार पुढे केली. हर्ट यांच्याकडे तेव्हा स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. बोटं थोडी गंजलेली, पण तो अंगठा तसाच होता.

त्यानंतरची साडेतीन वर्षं भराभर गेली. वॉशिंग्टनला मुक्काम, ओंटारिओ प्लेस नावाच्या कॉफीहाउसमध्ये गाणं, जुलै 1963मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रण आणि त्याच महिन्यात न्यूपोर्टचा लोकसंगीत महोत्सव. जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमातही ते वाजवून आले. डोक्यावर तपकिरी फेल्ट हॅट, मऊ आवाज, समोर हजारो कॉलेजची मुलं. पिडमाँट आणि व्हॅनगार्ड या कंपन्यांसाठी नवी ध्वनिमुद्रणं झाली. ‘कॉफी ब्लूज’मधल्या एका शब्दप्रयोगावरून लव्हिन स्पूनफुल या रॉक बँडने आपलं नाव घेतलं. 1964मध्ये सन हाउस आणि स्किप जेम्स या जुन्या ब्लूज गायकांचाही शोध लागला. बुका व्हाइट यांचा तर असाच एका गावाच्या नावावरून लागला होता: गाण्यात अ‍ॅबरडीन, म्हणून तिथल्या टपाल कचेरीला पत्र. यातल्या बऱ्याच जणांना पूर्वीचा हात परत आणायला झगडावं लागलं. हर्ट यांच्या बाबतीत अंतर सर्वांत कमी जाणवतं. माझं मत विचाराल तर त्याचं कारण सरळ आहे: त्यांचं वाजवणं ताकदीवर आणि तरुण गळ्यावर कधी उभंच नव्हतं. 2 नोव्हेंबर 1966 रोजी ग्रेनाडा इथे ते वारले. अ‍ॅव्हलॉनजवळच्या झाडीतल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यांचं छोटं लाकडी घर नातीने संग्रहालय म्हणून जपलं होतं. फेब्रुवारी 2024मध्ये ते आगीत गेलं. ती बातमी वाचून मला घरचं कुणी गेल्यासारखं झालं.

आता हात कुठून घालायचा ते. हर्ट नाचाला बहुतेक वेळा एकटे वाजवत. ढोल नाही, बास नाही. मग नाचणाऱ्यांच्या पायाला ठेका कोण देणार? अंगठा. त्यांच्या शैलीचं सगळं गणित इथून सुटतं. अंगठा दर मात्रेला एक, असा जाड तारांवर डोलत राहतो. तर्जनी आणि मधलं बोट वरच्या तारांवर चाल वाजवतात. अनामिका गिटारच्या अंगावर टेकलेली असते, म्हणजे हात हलत नाही. बोटांत पिक, म्हणजे तार छेडायची नखी, घालायची नाही.

सी कॉर्ड धरा. अंगठ्याने पाचवी तार, मग चौथी, पाचवी, चौथी. जीला सहावी आणि चौथी. एफला डाव्या हाताचा अंगठा मानेवरून आणून सहाव्या तारेचा पहिला फ्रेट दाबायचा; एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बॅरे कॉर्डची सवय असेल तर ती इथे सोडा, कारण बोटं मोकळी राहिली तरच चाल निघते. या तीन कॉर्डमध्ये दोन आठवडे फक्त अंगठा चालवा. रोज पंधरा मिनिटं, शेजारी कुणाशी तरी बोलत बोलत. बोलताना ठेका अडखळला नाही, म्हणजे अंगठा बसला. मी स्वतः ही पायरी गाळून थेट हर्ट यांच्या ‘कँडी मॅन’ गाण्याला हात घातला होता. बोटं पळायची, पण ऐकणाऱ्याचा पाय हलायचा नाही. नंतर मागे येऊन पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात करावी लागली, आणि जुनी सवय मोडायला नवी लावण्यापेक्षा जास्त दिवस गेले.

अंगठा बसला की सीमध्येच ‘लुईस कॉलिन्स’ घ्या. आधी फक्त मात्रेवर पडणारे चालीचे सूर अंगठ्यासोबत चिमटीत पकडा, मग दोन मात्रांच्या मध्ये पडणारे एकेक करून वाढवा. घोटाळा होतो तो या मधल्या सुरांपाशीच. बोट मध्ये पडलं की अंगठाही त्याच्या मागे धावतो. तसं झालं की गती निम्म्यावर आणा. आणखी एक गोष्ट ऐकून घ्या: हर्ट कितीदा तरी ओळीचे शेवटचे शब्द गात नाहीत, ते गिटारला म्हणू देतात. म्हणून चाल गळ्यात पक्की असल्याशिवाय ती बोटांत शोधू नका. आधी गाणं गुणगुणा.

‘फ्रँकी’ नंतर. त्याला तारा वेगळ्या लावाव्या लागतात: सहावी, पाचवी आणि पहिली प्रत्येकी एक पूर्ण सूर खाली, म्हणजे जाडीकडून डी-जी-डी-जी-बी-डी. त्या भागातले वादक याला ‘स्पॅनिश’ म्हणत. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या घरगुती गिटारवादनात लोकप्रिय असलेल्या एका तुकड्यावरून पडलं. 1928च्या ध्वनिमुद्रणात हे गाणं इतक्या वेगात आहे, की दोन गिटार वाजताहेत असं वाटतं. शिकण्यासाठी 1960च्या दशकातलं वापरा. ते संथ आहे, आवाज स्वच्छ आहे, आणि तबकडीच्या तीन मिनिटांची घाई त्यात नाही. वेग हवा वाटेल तेव्हा 1928कडे या.

स्टीलच्या तारा हलक्या घ्या, आणि पावसाळ्यात वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. गंजलेल्या जाड तारेतून तो गोल, खोल ठोका निघत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं आपला अंगठाच चुकतोय. दोन आठवडे अंगठ्याचे झाले की वाजवलेलं फोनवर रेकॉर्ड करा आणि मला फक्त जाड तारा कशा वाजताहेत ते ऐकवा. चाल त्यानंतर बघू.